नेरूळच्या जुन्या इमारतीत ऑडिओ सिस्टमचं अर्थिंग बदलताना

सिस्टममध्ये हमिंग (स्पीकरमधली सततची गुणगुण) आहे म्हटलं की ऑडिओच्या दुकानात पहिला उपाय सुचवतात तो जाडजूड अर्थ केबलचा, आणि ती केबल मीटरवर नाही, नगावर विकली जाते. नेरूळला पामबीच रोडच्या बाजूला, नव्वदच्या दशकातल्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टमचं अर्थिंग मार्च ते जून या काळात मुळापासून बदललं. पदरचे साडेचोवीस हजार गेले, त्यातले तारेवर जेमतेम चार हजार. बाकीचे सांधे, संरक्षण, मजुरी आणि मोजमापावर गेले आणि हमिंग गेलं तेही त्यांच्यामुळेच. हे काम काढायचंय पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, अशांसाठी हा सगळा क्रम.

सिस्टममध्ये एमसी कार्ट्रिजचा (मूव्हिंग कॉइल, म्हणजे फार क्षीण सिग्नल देणाऱ्या सुईचा) टर्नटेबल, तो सिग्नल वाढवणारा फोनो स्टेज, डॅक (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग करणारा), प्रीअँप (आवाज आणि स्रोत निवडायचा), दोन मोनोब्लॉक (एकेका स्पीकरसाठी वेगळे) पॉवर अँप आणि एक सबवूफर. एमसी कार्ट्रिज पाव ते अर्धा मिलिव्होल्ट देतं. फोनो स्टेज ते ६० डेसिबल, म्हणजे हजारपट वाढवतो, पॉवर अँप आणखी वीसपट. सुरुवातीला शिरलेला एक मायक्रोव्होल्टचा कचरा स्पीकरवर २० मिलिव्होल्ट होऊन बसतो. टीव्हीच्या साउंडबारला जे अर्थिंग चालून जातं ते इथे का चालत नाही, त्याचं कारण एवढंच.

मार्चमध्ये आधी नुसतं निदान. हमिंग दोन जातींचं असतं. खोल, गुळगुळीत, ५० हर्ट्झचं असेल तर संशय अर्थ लूपवर (यंत्रांचे अर्थ दोन वाटांनी जोडले जाऊन बनलेल्या वर्तुळावर) किंवा कुठल्या तरी ट्रान्सफॉर्मरच्या जवळिकीवर. खरखरीत, १०० हर्ट्झचं असेल तर बहुतेक वेळा अँपच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर म्हातारे झालेत, आणि त्याला अर्थिंगचा इलाज नाही. फोनवरच्या कुठल्याही स्पेक्ट्रम अॅपमध्ये शिखर कुठे येतं ते दिसतं. त्यानंतर पॉवर अँपच्या इनपुटमधून सगळं काढून तिथे शॉर्टिंग प्लग लावायचे, म्हणजे मधली पिन आणि बाहेरची रिंग आत डाग देऊन जोडलेला साधा आरसीए प्लग. स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी (अल्टरनेटिंग करंट) मिलिव्होल्टवर लावून आकडा लिहून ठेवायचा. इथे अर्धा मिलिव्होल्ट आला, म्हणजे अँप निर्दोष. प्रीअँप जोडल्यावर तोच आकडा ९ वर गेला आणि शेजारच्या खोलीतला एसी (एअर कंडिशनर) सुरू होताच २० वर. कानाने 'थोडं कमी वाटतंय' असं ठरवण्यापेक्षा या आकड्यावर काम करावं. दोन महिन्यांनी कानाची आठवण भरवशाची राहत नाही.

याच टप्प्यावर कुणीतरी सांगतंच की थ्री-पिनची अर्थ पिन काढून बघा. आवाज खरंच जातो, कारण लूप तुटतो. पण त्या क्षणापासून त्या यंत्राचा अर्थ आरसीए केबलच्या केसाएवढ्या शील्डमधून (सिग्नलच्या तारेभोवतीच्या जाळीतून) शेजारच्या यंत्राकडे जात असतो. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं तर ती शील्ड आधी जळते आणि मग पॉवर अँपच्या धातूच्या डब्यावर २३० व्होल्ट उभे राहतात. तपासणीपुरतंसुद्धा हे करू नये.

लूप कुठे आहे ते शोधणं सोपं निघालं. रॅक टीव्हीच्या भिंतीच्या सॉकेटवर, मोनोब्लॉक स्पीकरपाशी. त्यातला डावा बाल्कनीकडच्या बोर्डावर, जो एसीच्या सर्किटवरून काढलेला. म्हणजे दोन यंत्रांचे अर्थ दोन वेगळ्या वाटांनी डीबीत (घरातल्या वीज वाटपाच्या बोर्डात) पोहोचत होते आणि मधून आरसीएची शील्ड त्यांना आडवी जोडत होती. सिग्नल केबल काढून प्रीअँपच्या आणि डाव्या मोनोब्लॉकच्या चॅसीमधला (धातूच्या डब्यांमधला) एसी व्होल्टेज मोजला: एअर कंडिशनर बंद असताना २ मिलिव्होल्ट, चालू असताना ६. पाइपमधून फेज, न्यूट्रल आणि अर्थ सुटे सुटे पडलेले असतात. फेजची तार अर्थला जवळ आणि न्यूट्रल लांब असली, की भाराच्या प्रवाहामुळे अर्थच्या तारेत व्होल्टेज निर्माण होतो. त्या व्होल्टेजमुळे प्रवाह मग शील्डमधून फिरतो आणि शील्डच्या रोधावर जो काही व्होल्टेज पडतो तो सरळ सिग्नलमध्ये मिसळतो. अर्थची तार कितीही शुद्ध तांब्याची घेतली तरी हे चुकत नाही.

दुसरा चोर डीटीएच. डिश बाल्कनीच्या लोखंडी ग्रिलला कसलेली, कोअॅक्सची शील्ड डिशच्या धातूमार्गे ग्रिलला आणि ग्रिल भिंतीतल्या सळयांना. सेटटॉप बॉक्सची केबल काढताच आकडा एकदम खाली. केबल टीव्हीच्या कोअॅक्सला मिळणारा आयसोलेटर इथे चालत नाही, कारण डिशवरच्या एलएनबीला याच तारेतून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातो आणि आयसोलेटर तो अडवतो. टीव्हीपासून डॅकपर्यंत एचडीएमआय काढून ऑप्टिकल केबल टाकली. प्रकाशाच्या वाटेने अर्थ येत नाही. काही शे रुपयांत हा प्रश्न मिटला. ब्रॉडबँड फायबरचं असेल तर त्याची धास्ती नाही.

आता भिंतीतलं अर्थिंग. निऑन टेस्टर फेज दाखवतो, अर्थ तपासत नाही. मल्टिमीटरने तीन आकडे घ्यावेत: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. इथे २३४, २३२ आणि १.८ व्होल्ट आले, म्हणजे वरवर सगळं ठीक. तुटका अर्थ असता तर फेज-अर्थचा आकडा भलताच आला असता. पण ठीक दिसणारा अर्थ आणि चांगला अर्थ यांत फरक आहे. मेन बंद करून सॉकेटच्या अर्थपासून डीबीच्या अर्थ पट्टीपर्यंत लांब तार टाकून रोध मोजला. मीटरच्या वायरींचाच ०.२ ते ०.३ ओहम असतो, आणि ही लांब तारही आपला रोध घालते. दोन्ही आधी मोजून वजा करायला विसरू नये. उरला ०.९ ओहम. भिंतीत १ स्क्वेअर एमएमची तार होती. तांब्यात तिचा रोध किलोमीटरला साधारण १८ ओहम, म्हणजे १४ मीटरला फक्त पाव ओहम. बाकीचा रोध सांध्यांत होता. बोर्ड उघडल्यावर तो दिसला: तीन हिरव्या तारा एकमेकींना पीळ देऊन वर काळी टेप, टेपचा गोंद पाघळून चिकट झालेला आणि आत तांब्यावर हिरवट थर. खाडीच्या हवेत न कसलेला, न क्रिम्प केलेला (अवजाराने दाबून न बसवलेला) सांधा असाच होतो.

तिथून अर्थची वाट मीटर रूममध्ये. परवानाधारक विद्युत ठेकेदाराला इथे बोलावलं. ही तपासणी घरगुती हौसेची नाही. महावितरणच्या मीटरच्या आणि कट-आउटच्या (मेन फ्यूजच्या) सीलला हात लावायचा नसतो. सीलच्या पलीकडचं काही उघडायचं असेल तर त्यांच्या विभागीय कार्यालयात अर्ज. मंजूर भार वाढवायचा नव्हता आणि काम सगळं मीटरच्या अलीकडचं होतं, म्हणून आमच्या बाबतीत अर्ज लागला नाही. मीटर रूममधून २५ × ३ मिमीची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पट्टी पार्किंगखालच्या अर्थिंगच्या खड्ड्यात जात होती. खड्ड्याचं झाकण उचललं तर पट्टीच्या शेवटच्या वीतभर भागात लोखंडापेक्षा गंजच जास्त. इकडची जमीन खाडीच्या भरावाची, खारी आणि ओलसर. अशा मातीचा रोध कमी, ही चांगली बाजू. जस्ताचा मुलामा ती लवकर खाते, ही वाईट. घोडबंदर रोडकडे किंवा खारघरच्या टेकड्यांजवळ उलट: मुरूम आणि काळा दगड, गंज कमी पण मे महिन्यात रोध चढलेला.

खड्डा मोजताना वायरमन म्हणाला, “साहेब, आधी दोन बादल्या पाणी मारतो, रीडिंग छान येतं.” येतंच. म्हणूनच कोरड्या खड्ड्याचं रीडिंग आधी घ्यायला सांगावं आणि रिपोर्टमध्ये तेच लिहायला लावावं. तेही शक्यतो उन्हाळ्यात. पावसाळ्यातला आकडा सगळ्यांचाच सुंदर असतो. पद्धत तीन खुंट्यांची: खड्ड्यापासून २५-३० मीटरवर प्रवाहाची खुंटी आणि त्या अंतराच्या सुमारे ६२ टक्क्यांवर व्होल्टेजची. मधली खुंटी थोडी मागेपुढे सरकवल्यावर आकडा फारसा हलत नसेल तरच तो खरा. आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक, म्हणून खुंट्या कुंपणालगतच्या झाडांच्या वाफ्यात ठोकल्या. कोरडं रीडिंग ११ ओहम, पाण्यानंतर ६.

११ ओहमचा अर्थ समजून घ्यावा. फेज एखाद्या डब्याला टेकला आणि परतीची वाट निव्वळ मातीतून असली, तर २३० भागिले ११, म्हणजे फार तर २१ अँपिअर वाहतील. सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाहावर पडणारा स्विच) झटक्यात पडायला त्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. २१ वर तो बराच वेळ तसाच उभा राहू शकतो आणि तेवढा वेळ डबा जिवंत. खड्डा ५ ओहमचा केला तरी ४६ अँपिअर, म्हणजे तोही पुरा पडत नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) हवाच. ऑडिओवाल्यांमध्ये 'आवाज मरतो' म्हणून तो टाळण्याची पद्धत आहे. तिला काडीचा आधार नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला सोसायटीकडे अर्ज. त्यासोबत ठेकेदाराच्या परवान्याची प्रत, खड्ड्याची जागा दाखवणारा हातचा नकाशा, कोरड्या रीडिंगचा रिपोर्ट आणि पेव्हर पूर्ववत करून देण्याचं लेखी आश्वासन. सेक्रेटरी काकांचा पहिला प्रश्न रास्त होता: “तुमच्या गाण्यांसाठी सोसायटीने खड्डा का खणायचा?” रिपोर्टमधल्या ११ ओहमने उत्तर दिलं, कारण गिझर सगळ्यांच्याच घरी आहेत. ठराव व्हायला मेचा मध्य उजाडला. कमिटीची बैठक महिन्यातून एकदा, तीही कोरम जमला तर. नवा खड्डा इमारतीचा सामायिक, खर्च दुरुस्ती निधीतून, असं ठरलं. अर्ज 'ऑडिओसाठी अर्थिंग' असा न करता 'इमारतीच्या अर्थिंगची दुरुस्ती' असा करावा. ते खरंही आहे आणि मंजूरही होतं.

ऑडिओसाठी वेगळा, इमारतीला न जोडलेला 'क्लीन अर्थ' खणावा असा सल्ला हमखास मिळतो. ठेकेदाराने तो धुडकावला, आणि बरोबरच. दोन खड्डे एकमेकांना जोडलेले नसले तर जवळपास वीज पडल्यावर किंवा दोष उद्भवल्यावर त्यांच्यात शेकडो-हजारो व्होल्टचा फरक येऊ शकतो आणि तो सिस्टममधून वाट काढतो. शिवाय तिसऱ्या मजल्यापासून जमिनीपर्यंतची एकटी लांब तार रेडिओचा अँटेना म्हणून छान काम करते. अर्थिंगच्या भारतीय संहितेत, आयएस ३०४३ मध्येही, इमारतीतलं सगळं अर्थिंग एकमेकांना जोडण्यावरच भर आहे. अँपला जमिनीशी देणंघेणं नसतं. त्याला शेजारच्या यंत्राच्या तुलनेत शून्य हवं असतं.

खड्डा मेच्या शेवटी, पावसाच्या आत. जुन्यापासून ६ मीटर आणि भिंतीपासून दीड मीटर लांब, हाताच्या ऑगरने सहा इंची भोक, त्यात ३ मीटर लांब, १७.२ मिमी व्यासाची तांब्याचा जाड थर दिलेली पोलादी सळई आणि भोवती बेंटोनाइटचं (ओल धरून ठेवणाऱ्या चिकणमातीचं) मिश्रण, २५ किलोच्या दोन गोण्या. मिश्रण पाण्यात कालवून ओतायचं. कोरडं टाकलं तर पोकळ्या राहतात आणि रीडिंग वर्षभरात घसरतं. मीठ-कोळशाचा जुना प्रकार या मातीत नको, मीठ इथे आधीच पुरेसं आहे. तांबं आणि जुनी जीआय पट्टी खारट ओलीत थेट जोडली तर जस्त झपाट्याने जातं, म्हणून त्यांचा सांधा जमिनीच्या वर, डब्यात, टिनचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पट्टीवर, स्टेनलेस बोल्टने. नवं कोरडं रीडिंग १.९ ओहम. सोसायटीला हे सगळं अठरा हजारांच्या आसपास पडलं. मीटर रूमपासून फ्लॅटच्या डीबीपर्यंतची अर्थची तारही तेव्हाच बदलून घेतली.

घरातलं काम जूनच्या पहिल्या आठवड्यात. डीबीतून सिस्टमसाठी स्वतंत्र सर्किट: १६ अँपिअरचा दोन पोलचा सी प्रकारचा एमसीबी, कारण मोठे टोरॉइड (कड्याच्या आकाराचे) ट्रान्सफॉर्मर सुरू होताना जो धक्का देतात त्याने बी प्रकारचा पडतो. त्याच्यामागे २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा ए प्रकारचा आरसीसीबी. दुकानदार एसी प्रकारचा पुढे करतात, तो स्वस्त असतो. पण इलेक्ट्रॉनिक्सच्या गळतीत डीसीचे तुकडे असतात, ते ए प्रकारालाच कळतात. तार तिन्ही ४ स्क्वेअर एमएम, १२ मीटरचा मार्ग, म्हणून ४० मीटर घेतली. रिटेलला मीटरमागे शंभराच्या आसपास. फेज आणि न्यूट्रल एकमेकींना घट्ट पीळ देऊन ओढायला लावल्या, अर्थ त्यांच्या बरोबर. पीळ दिला की अर्थच्या तारेत निर्माण होणारा व्होल्टेज बराचसा मरतो. वायरमन कुरकुरतो, कारण पीळ दिलेला जुडगा २० मिमीच्या पाइपात अडतो. २५ मिमीचा पाइप ठेवावा. एसीच्या लाइनपासून एक फूट अंतर, आणि ओलांडायचीच झाली तर काटकोनात.

शेवटी एक धातूचा डबा, त्यात सहा सॉकेट. 'कुठल्याही देशाची पिन बसते' असे युनिव्हर्सल सॉकेट घेऊ नयेत. त्यांत कुठलीच पिन धड पकडली जात नाही, अर्थची तर नाहीच. आयएस १२९३ चे आपले साधे शटरवाले सॉकेट घट्ट बसतात. प्रत्येक सॉकेटच्या अर्थपासून स्वतंत्र तार डब्यातल्या तांब्याच्या पट्टीवर. एका सॉकेटवरून दुसऱ्यावर उडी नाही. लग (तारेच्या टोकाचे धातूचे जोड) क्रिम्पिंगच्या अवजाराने दाबलेले, पकडीने नव्हे, आणि प्रत्येक स्क्रू ओढून पाहिलेला. मोनोब्लॉक स्पीकरपासून उचलून रॅकवर आणले आणि स्पीकरच्या तारा लांबवल्या. सबवूफरही लांब लीडने याच डब्यावर. खरं काम या एका फेरबदलाने केलं: सगळ्या यंत्रांचे अर्थ हातभर अंतरात एका पट्टीवर आले.

आरसीसीबी पहिल्यांदा चालू करताच पडला. अशा वेळी यंत्रांवर संशय घेण्याआधी न्यूट्रल बघावा. नव्या सर्किटचा न्यूट्रल डीबीच्या सामायिक पट्टीवर लावलेला होता. तो आरसीसीबीच्या आउटपुटच्या स्वतंत्र पट्टीवरच हवा, नाहीतर जाणारा आणि येणारा प्रवाह जुळत नाही. दहा मिनिटांचं काम. त्यानंतर मेगर (तारांच्या इन्सुलेशनची चाचणी), ५०० व्होल्ट डीसीने, सगळी यंत्रं सॉकेटमधून काढून. ती जोडलेली राहिली तर महागात पडतं. आरसीसीबीचाही चाचणी यंत्राने वेळ मोजून घ्यावा: ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडला पाहिजे. घरची महिन्याची तपासणी त्यावरच्या टी (टेस्ट) बटणाने.

मग यंत्रांचे सुटे सांधे. डॅक दोन पिनांचा, त्याला स्वतःचा अर्थ नाही. अशा यंत्राच्या डब्यावर बोट फिरवलं की जी बारीक झिणझिण लागते ती फिल्टर कपॅसिटरच्या गळतीची. त्याच्या मागच्या एका स्क्रूपासून अडीच स्क्वेअरची लवचिक तार पट्टीवर आणली. तिथे लक्षात ठेवायचं ते हे, की अॅनोडाइज केलेलं अॅल्युमिनियम आणि पावडर कोट दोन्ही वीज वाहत नाहीत. स्क्रूखालचा थर खरवडून, दातेरी वॉशर घालून, ०.१ ओहमच्या आत येतो का ते बघावं; नाहीतर तार नुसती शोभेला. टर्नटेबलची हिरवी तार मात्र फोनो स्टेजच्या पोस्टवरच. ती थेट भिंतीच्या अर्थवर नेली तर नवा लूप तयार होतो.

दोन चॅसीमधला फरक ६ मिलिव्होल्टवरून ०.२ वर आला. स्पीकरवर, एसी चालू असताना, २० चे ०.८. फोनोवर थोडं उरलं होतं ते अर्थचं नव्हतंच: फोनो स्टेज प्रीअँपच्या ट्रान्सफॉर्मरवर बसलेला, तो दोन फूट बाजूला सरकवल्यावर गेलं. बाजारात महागडे, खनिजं भरलेले 'ग्राउंडिंग बॉक्स' मिळतात. त्यांची तार कुठेच जात नाही. मोजण्यासारखं त्यांत काही नाही, म्हणून इथे आणलेही नाहीत.

हिशेब असा: तार चार हजार, एमसीबी, आरसीसीबी आणि त्यांचा डबा चार हजार आठशे, सॉकेट-लग-पट्टी अडीच हजार, पाइप आणि मजुरी नऊ हजार, चाचण्या आणि रिपोर्ट तीन हजार, शॉर्टिंग प्लग, ऑप्टिकल केबल आणि किरकोळ बाराशे.

एक आवाज मात्र तसाच आहे. कधी कधी संध्याकाळी उजव्या मोनोब्लॉकचा ट्रान्सफॉर्मरच गुरगुरतो, स्पीकरमधून नाही, डब्यातून. इमारतीत कुठे तरी हेअर ड्रायरसारखं उपकरण अर्ध्या वेगावर चालतं, ते लाटेची एकच बाजू खेचतं, लाइनवर थोडा डीसी येतो आणि टोरॉइड अर्धवट संपृक्त होतो. त्याला अर्थिंग काही करू शकत नाही. लाइनमध्ये डीसी ब्लॉकर घालावा लागतो, आणि पावसाळा संपला की तेच काम काढायचं आहे.